मी तो परदेशी पैसा खाल्लेला आहे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकाचं पत्र आलं होतं की परदेशातल्या ख्रिस्ती संस्था आपल्याकडच्या गरीब पोरांच्या नावावर जो पैसा पाठवतात तो सगळा धर्मांतरासाठीच असतो आणि त्या पैशाला हात लावणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. लगेच दोन दिवसांनी दुसऱ्याचं उलटं पत्र, की ही देवमाणसं आहेत, यांच्यावर बोट ठेवायचं नाही. दोघांनीही तो पैसा जवळून बघितलेला दिसत नाही. मी बघितलाय. बघितलाय काय, खाल्लाय. सात-आठ वर्षं दूध-पाव, वह्या, बूट, शाळेची फी आणि एक रॉकेलचा स्टोव्ह असं करून खाल्लाय, त्यामुळे मला वाटतं मला बोलायचा थोडा हक्क आहे. पत्र लांबलं तर शेवटून कापा, पण मधलं कापू नका, का ते पुढे कळेल.

आम्ही लालबागचे. वडील गिरणीत साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा, धाकटा भाऊ आठचा. अडीच लाख कामगार बाहेर, पुढारी डॉक्टर दत्ता सामंत म्हणतील ती पूर्व दिशा, पहिले दोन-तीन महिने चाळीत असा जोर होता की विचारू नका, सगळ्यांना वाटायचं गणपतीच्या आत मिटतंय. गणपती आले गेले, दिवाळी गेली, भांडी मारवाड्याकडे गेली, मग आईचं मंगळसूत्र. बाबा कधी गावाला जाऊन शेतात राबायचे, कधी परत येऊन भायखळ्याच्या मार्केटात हमाली शोधायचे. आई घरात शेंगदाणे सोलायची, किलोवर पैसे. संप कधी मिटला म्हणून कोणी विचारलं तर आमच्याकडे उत्तर नाही, कारण तो मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही.

त्याच वेळी परळच्या बाजूला एका चर्चमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक सेंटर होतं. संस्था परदेशातली, ख्रिस्ती, नाव मी लिहीत नाही, कारण जे वाईट लिहिणार आहे ते आता त्यांना लावणं बरोबर नाही आणि जे चांगलं लिहिणार आहे ते फक्त एका शिष्टरचं, म्हणजे तिथल्या ननचं आहे, संस्थेचं किती ते मला माहीत नाही. ही शिष्टर केरळची, मराठी मोडकं पण आवाज असा की नळावरच्या बायका गप्प व्हायच्या. ती चाळीचाळीतून फिरून संपवाल्यांच्या पोरांची नावं घेत होती. पद्धत अशी की एका पोराला परदेशातला एक माणूस दत्तक घेणार, म्हणजे दत्तक नाही हो, नुसतं महिन्याला काही डॉलर देणार, त्याला हे लोक स्पॉन्सर म्हणायचे. आणि नियम असा की घरटी एकच पोरगं. आईनं विचारलं दोघांचं नाही का होणार, शिष्टर म्हणाली नाही. नावं घ्यायच्या दिवशी माझा भाऊ बाबांबरोबर गावाला होता. माझं नाव लागलं त्याचं कारण एवढंच, दुसरं काहीही नाही, मी हुशार होतो वगैरे आई नंतर सांगायची ते खोटं.

मग फोटो. हा फोटो मला सविस्तर सांगायचा आहे. आईला कळलं की पोराचा फोटो काढून परदेशात पाठवणार, तर तिनं शेजारच्यांच्या मुलाचा लग्नात घातलेला बुशशर्ट मागून आणला, मला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल चोपडलं, भांग पाडला, तोंडाला पावडर लावली. आमच्याकडे फोटो म्हणजे स्टुडिओत, मागे पडदा, बाजूला फुलदाणी. सेंटरवर फोटो काढायला जो माणूस आला होता त्यानं मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. शर्ट काढायला लावला. बनियनवर उभा कर म्हणाला. केस विस्कटले, हातानं, स्वतःच्या. मग शेडच्या भिंतीला नको, तिकडे गटाराच्या बाजूला उभा कर, आणि हसू नकोस. मला हसू येत होतं कारण समोर माझे दोस्त माकडचाळे करत होते, तर त्यानं तीन वेळा सांगितलं हसू नकोस, आणि चौथ्यांदा असा ओरडला की मी खरंच रडकुंडीला आलो आणि तेव्हा त्यानं खटका दाबला. आई शर्ट हातात घेऊन उभी होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर शर्टाची घडी घालताना एवढंच म्हणाली, ‘भीक मागतानाचा फोटो काढला मेल्यानं.’ दुसऱ्या दिवशी सेंटरला पाठवलंच मला, पाठवणार नाही तर काय करणार.

तो फोटो बघून कॅनडातल्या एका बाईंनी मला घेतलं. त्यांचं वय बरंच असावं, नवरा रेल्वेत होता आणि वारला होता, एक मांजर होती, बर्फ इतका पडायचा की दार उघडायला फावडं लागायचं. हे सगळं मला त्यांच्या पत्रांतून माहीत, नाताळला एक आणि माझ्या वाढदिवसाला एक. माझा नंबर ११७. पत्रावर नावाआधी नंबर असायचा.

आता फायद्याचं बोलतो, कारण पहिल्या पत्रवाल्या वाचकाला ते ऐकवायचं आहे. जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि गणवेशाचं कापड मिळायचं, शिवून नाही, शिलाई आपली. रोज शाळा सुटल्यावर सेंटरवर दूध पावडरचं दूध आणि पाव, शनिवारी दलिया. वर्षातून दोनदा डॉक्टर, वजन, जंताच्या गोळ्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे संध्याकाळी दोन तास अभ्यास, ट्यूबलाइटखाली, आमच्या खोलीत तेव्हा वीज कापलेली होती. गणितात नापास झालो तर शिष्टर घरी यायची. घरी येऊन आईला बोलायची, बाबांना बोलायची, एकदा तर बाबा दारू पिऊन पडलेले तर त्यांना उठवून बोलली. चाळीत लोक म्हणायचे ही बाई पोरांना बाटवणार. माझी आजी वारकरी, गळ्यात माळ, तिला कोणीतरी जाऊन सांगितलं की तुझा नातू येशूची प्रार्थना म्हणून दूध पितो. आजी म्हणाली, ‘पिऊ दे की. पांडुरंग काय दूध पाठवायलाय का?’ आणि लगेच स्वतःच्या तोंडात मारून घेतली दोन्ही गालांवर.

प्रार्थना सक्तीची होती, हे मी लपवणार नाही. दुधाआधी हात जोडून उभं राहायचं, डोळे मिटायचे, नाही मिटले तर दूध उशिरा. नाताळला आम्हाला मेंढपाळ करायचे, मी दोन वर्षं मेंढपाळ होतो आणि एक वर्ष उंटाचा मागचा अर्धा. बाप्तिस्मा घ्या म्हणून मला किंवा आईला कोणी कधी विचारलं नाही आणि आमच्या सेंटरमधलं कोणी बाटलं असं माझ्या ऐकण्यात नाही, पण म्हणून कुठेच होत नसेल असं मी कसं म्हणू. मी माझ्या शेडपुरतं सांगतोय. भुकेल्या पोराला दुधाआधी डोळे मिटायला लावणं मला तेव्हा काही वाटलं नाही, आता बाप झाल्यावर वाटतं. दूध आधी द्यायचं होतं, मग काय ती प्रार्थना.

हा वाद आपल्याकडे नवीन नाही, आणि वर्तमानपत्रात तर अजिबात नाही. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये इथे चौपाटीजवळ शारदा सदन काढलं ते अमेरिकेतल्या पैशावर, बोस्टनच्या लोकांनी रमाबाई असोसिएशन काढून दहा वर्षं पैसा द्यायचं कबूल केलं होतं. बाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पण सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं. पुढे सदन पुण्याला गेलं आणि मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून केसरीनं अशी झोड उठवली की १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेलं. आता काढून नेलेल्या त्या बालविधवांचं पुढे काय झालं हे कोणी लिहून ठेवलंय का? तेव्हाही सगळे धर्मावर भांडले आणि पोरी भांडणाच्या बाहेरच राहिल्या. चार वर्षांनी दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकड्यांनी पोरी उचलून केडगावला आणल्या, तेव्हा त्या उपाशी मरायला टेकलेल्या पोरी आधी कोणाच्या धर्मातल्या आहेत हे विचारायला कोणी रांगेत उभं नव्हतं. हे मी रमाबाईंची बाजू घेऊन नाही म्हणत, केडगावला पुढे धर्म शिकवला गेला आणि उघडपणे शिकवला गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आपल्याला एकच खरी हवी असते.

आता पत्रांचं. मधलं कापू नका म्हटलं ते इथलं.

दर नाताळाआधी आम्हाला स्पॉन्सरला पत्र लिहायला बसवायचे. फळ्यावर मजकूर: मी आनंदात आहे, माझा अभ्यास चांगला चालू आहे, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो, देव तुमचं भलं करो. ते उतरवायचं, खाली चित्र काढायचं, एक मास्तर त्याचं इंग्रजी करायचे आणि ऑफिसात कोणीतरी तपासायचं. एका वर्षी, ८३ असेल, मी फळ्यावरचं लिहून झाल्यावर जागा उरली म्हणून स्वतःचं लिहिलं. लिहिलं की माझ्या बाबांची गिरणी बंद आहे, संप चालू आहे, मालक पगार देत नाही, तुमच्याकडे पण संप होतो का, आणि माझा एक भाऊ आहे त्याला पण कोणी घेतं का विचारा. मास्तरांनी लाल पेनानं ते सगळं आडवं कापलं. संपाचं लिहायचं नाही, ते राजकारण झालं. भावाचं लिहायचं नाही, ते मागणं झालं. मला म्हणाले, गाय काढ चित्रात, त्यांना गाय आवडते. लालबागला गाय! मी गाय काढली. कॅनडातल्या बाईंनी पुढच्या पत्रात विचारलं तुझ्या गाईचं नाव काय.

म्हणजे बघा साहेब, ती बाई बिचारी प्रामाणिक, पेन्शनीतून पैसे काढून पाठवणार, आणि तिला जो पोरगा माहीत होता तो मी नव्हतोच. तो एक गटाराशेजारी उभा असलेला, बिनाबापाचा, बिनाभावाचा, गाय पाळणारा, सारखी प्रार्थना करणारा पोरगा होता. माझ्या बापाचा पगार कोणी बुडवला हे तिला कळलंच नाही. तिला वाटलं असेल हे असेच गरीब असतात, जन्मापासून, हवामानासारखं.

एकदा तिनं वाढदिवसाला वरचे दहा डॉलर पाठवले. त्यातून शिष्टरनं मला कॅनव्हासचे बूट घेतले आणि उरलेल्यात घराला उपयोगी म्हणून पितळी स्टोव्ह. स्टोव्हबरोबर पण फोटो, पण या वेळी शिष्टर स्वतः उभी राहिली आणि आईला म्हणाली तू पण ये, बरी साडी नेस. त्या फोटोची एक कॉपी तिनं आम्हाला गुपचूप दिली, ती आहे अजून. आईच्या चेहऱ्यावर असं काही आहे की जणू स्टोव्ह तिनंच कॅनडाला पाठवलाय.

भावानं आठवीत शाळा सोडली. आधी नाक्यावरच्या हॉटेलात कपबशा, मग मस्जिद बंदरला पाठीवर माल. मी सेंटरवरून दूध पिऊन यायचो आणि पाव खिशात घालून आणायचो, शिष्टरला माहीत होतं, ती बघायची नाही. पण पाव खिशात येतो, ट्यूबलाइट खिशात येत नाही. मी दहावी पास झालो, बारावी झालो, बँकेची परीक्षा दिली, ९४ ला क्लार्क म्हणून लागलो, अजून आहे. भाऊ आज डोंबिवलीला असतो, रिक्षा आहे, चांगलं चाललंय, दोघांत वाकडं नाही. पण घरात काही झालं की तो अजून म्हणतो, ‘तुझं काय बाबा, तुझी गोरी आई होती.’ हसत म्हणतो. मी पण हसतो.

माझी मुलगी एमएसडब्ल्यू करतेय, तिनं मला एकदा दाखवलं की अमेरिकेतले ब्रूस वायडिक नावाचे अर्थशास्त्राचे प्रोफेसर आणि त्यांचे दोघं सहकारी यांनी यावर मोठा अभ्यास केलाय, २०१३ मध्ये छापून आला. कंपॅशन नावाची अमेरिकेतली मोठी ख्रिस्ती संस्था आहे, १९५२ मध्ये कोरियाच्या युद्धातल्या अनाथ पोरांसाठी निघालेली, तिच्या स्पॉन्सर केलेल्या पोरांचं मोठेपणी काय झालं हे त्यांनी सहा देशांत जाऊन बघितलं, त्यात भारत पण होता, दहा हजारांवर माणसं. निघालं काय, तर स्पॉन्सर असलेली पोरं एक ते दीड वर्ष जास्त शिकली आणि माध्यमिक शाळा पुरी करणारी पोरं शंभरात १२ ते १८ नी वाढली. म्हणजे उपयोग होतो, खोटं नाही. आणि त्यांनी तुलना कोणाशी केली माहितीय का, त्याच घरातल्या स्पॉन्सर न मिळालेल्या भावंडांशी. मी मुलीला म्हटलं आमच्या घरात हाच अभ्यास आधीच झालेला, फक्त प्रोफेसर आले नव्हते.

आणि याची दुसरी बाजू पण तिनंच दाखवली. १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यून या अमेरिकेतल्या पेपरच्या पत्रकारांनी स्वतःच अशी पोरं स्पॉन्सर केली आणि मग गुपचूप त्यांना शोधत गेले. आफ्रिकेत माली देशातली एक मुलगी तर वीज पडून कधीच गेलेली होती, आणि तिच्या नावानं पैसे घेणं चालूच. मला आश्चर्य वाटलं नाही. जिथे पोराचं पत्र फळ्यावरून उतरवलेलं असतं तिथे पोर जिवंत आहे का हे पत्रावरून कळणार कसं.

आता परदेशी देणग्यांच्या सरकारी कायद्याबद्दल, म्हणजे एफसीआरएबद्दल. मी बँकवाला आहे, हिशोब बघितला पाहिजे या बाजूचा आहे, परदेशी पैसा कुठून आला कुठे गेला हे विचारण्यात काही चूक नाही. २०२० च्या बदलानंतर हा सगळा पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच उतरला पाहिजे, ऑफिस खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला, ठीक आहे. पण एका संस्थेनं तो पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचाच नाही हे कलम आहे ना, ते आमच्या शेडसारख्या जागांवर पडतं. मोठी संस्था परदेशात, काम करणार छोटं चर्च नाहीतर गल्लीतली ट्रस्ट, असंच असतं ते. कंपॅशनला आधीच, मार्च २०१७ मध्ये, ४८ वर्षांनंतर भारतातलं काम बंद करावं लागलं, तेव्हा त्यांच्या यादीवर १ लाख ४५ हजारांच्या आसपास पोरं होती. जानेवारी २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडिया या ख्रिस्ती संस्थेचं परदेशी पैसा घ्यायचं लायसन रद्द झालं. बरोबर की चूक ते कोर्ट-कचेरी बघेल. मला फक्त इतकं दिसतं की मार्च महिन्यात वार्षिक परीक्षा असते. संस्था बंद करा, पण त्या दिवशी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसलेलं पोर कुठे बसणार याचा एक कागद त्याच ऑर्डरला जोडलेला असावा की नको.

आता माझे सासरे मनमाडचे, रेल्वे वर्कशॉपमधले. ते फेरर फादरची गोष्ट सांगतात, तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांना माहीत आहे. व्हिसेंट फेरर, स्पेनचे जेझुइट पंथाचे मिशनरी, १९५२ मध्ये मुंबईत उतरले आणि मनमाडला गेले. शेतकऱ्याला म्हणायचे विहीर खण, पाणी लागेपर्यंत गहू आणि तेल मी देतो. इतकी माणसं मागे लागली की सरकारच्या डोळ्यावर आलं, धर्मांतराचा संशय होताच, १९६८ मध्ये देश सोडायची नोटीस निघाली. तर हजारो शेतकरी मोर्चा घेऊन निघाले, फादर पाहिजे म्हणून. शेवटी इंदिरा गांधींनी मार्ग काढला, थोडे दिवस परदेशी जाऊन या मग परत या असं. परत आले पण महाराष्ट्रात नाही, १९६९ मध्ये आंध्रात अनंतपूरला गेले, पुढे जेझुइटपण सोडलं, लग्न केलं, २००९ मध्ये वारले तोवर तिथेच. आपलं नुकसान झालं ते अनंतपूरचा फायदा झाला. आणि त्यांच्या संस्थेत पण परदेशातले लोक एकेका पोराला स्पॉन्सर करतात, स्पेनचे बहुतेक, पण पैसा त्या एका पोराच्या खिशात जात नाही, गावाच्या शाळेत, दवाखान्यात, घरांत जातो. म्हणजे धाकट्या भावाला पण ट्यूबलाइट. इतकं सोपं होतं ते. आमच्या वेळी कोणाला सुचलं नाही, का सुचलं पण फोटोला ते जमत नाही. एका पोराचा चेहरा दाखवला की पाकीट उघडतं, गावाच्या विहिरीचा फोटो बघून कोण रडणार.

आणि हो, ज्या कोरियाच्या पोरांसाठी हे सगळं सुरू झालं तो कोरिया आता पैसे देणाऱ्यांत आहे, घेणाऱ्यांत नाही. कंपॅशनचं कोरियातलं ऑफिस २००३ पासून दुसऱ्या देशांतल्या पोरांना स्पॉन्सर गोळा करतं. मी हे वाचलं तेव्हा आधी मुंबई डोळ्यासमोर आली. आमच्या गिरण्यांच्या जागेवर आता टॉवर आहेत, त्यात एका फ्लॅटचा महिन्याचा मेंटेनन्स आमच्या चाळीच्या वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट, तरी त्याच टॉवरच्या मागच्या झोपडपट्टीतल्या पोराला कॅनडाची म्हातारी का लागावी?

आता तुम्ही म्हणाल मुंबईकर देतात की. देतात. कसे देतात ते तुमच्याच पेपरात बघितलं म्हणून तर हे पत्र. ज्या दिवशी धर्मांतरवाल्या वाचकाचं पत्र आलं त्याच अंकात, मागच्या पानावर, उपनगरातल्या एका बालगृहात कुठल्यातरी साहेबांचा वाढदिवस साजरा झाल्याचा फोटो तुम्ही छापलात. चार रांगा पोरं जमिनीवर, समोर केकचा तुकडा आणि वेफर्स, मागे साहेब आणि त्यांचे मित्र मिळून नऊ जण, पाहुण्यांची नावं खाली डावीकडून. पोरांची नावं नाहीत पण तोंडं स्पष्ट. पहिल्या रांगेत उजवीकडून तिसरा मुलगा कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, केककडे पण बघत नाहीये, खाली बघतोय. मी चष्मा लावून बराच वेळ बघत बसलो त्याच्याकडे. मला माहीत आहे तो कुठे बघतोय.

तिथे कॅनडा नाही, चर्च नाही, एफसीआरए नाही. सगळे आपले. प्रार्थनेच्या जागी हॅपी बर्थडे म्हणून घेतलं, केक मात्र नंतरच. बाकी फरक काय?

बालन्याय कायद्याचं, म्हणजे २०१५ च्या, ७४ वं कलम तुमच्या ऑफिसात कोणालातरी माहीत असेलच, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापायचं नाही, फोटो तर नाहीच, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी काही तक्रार करायला जाणार नाही, पस्तीस वर्षं झाली तुमचा पेपर घरी येतो. पण पुढच्या वेळी असा फोटो आला तर नुसते साहेब छापा. केक कापताना, वेफर्स वाढताना, पाहिजे तर नऊच्या नऊ छापा रंगीत. पोरं कापा. लाल पेन तिथे वापरा.

कॅनडातल्या बाईंचं सांगायचं राहिलं. मी अठराचा झालो आणि फाइल बंद झाली, नियम तसा होता. पत्ता आम्हाला कधीच द्यायचे नाहीत. बँकेत लागल्यावर पहिल्या पगारातून मी एक कार्ड घेतलं, या वेळी इंग्रजीत स्वतः लिहिलं, कोणी तपासलं नाही, की मला नोकरी लागली, आणि गाय नव्हती, माफ करा, पण भाऊ होता. संस्थेच्या ऑफिसात नेऊन दिलं. महिन्याभरानं कार्ड परत आलं, सोबत टाइप केलेली दोन ओळींची चिठ्ठी, जुन्या स्पॉन्सरशी संपर्क करून देता येत नाही. त्यात त्यांची पण काही बाजू असेल. शिष्टर तोवर बदलून गेली होती, कुठे ते कोणी सांगितलं नाही.

कार्ड आहे माझ्याकडे, स्टोव्हच्या फोटोबरोबर.

आपला,
एक वाचक, लालबाग

ता.क.: नाव-पत्ता पाकिटावर दिलाय तो तुमच्या माहितीसाठी, छापू नका. माझी हरकत नाही, पण डोंबिवलीला तुमचा पेपर जातो आणि भाऊ सकाळी स्टँडवर वाचतो.